कोकणातलं खाणंपिणं आणि वाडीचा आग्रह

खाडीकाठ (वेंगुर्ले)

वेंगुर्ले तालुक्यातल्या एका बाजारपेठेत माझं औषधांचं दुकान आहे. साखरेच्या आणि प्रेशरच्या गोळ्या नेणाऱ्यांत आता पस्तिशी-चाळिशीची माणसं सर्रास दिसतात. चतुर्थी झाली की पित्ताच्या गोळ्या आणि साखर तपासायच्या पट्ट्या यांना एकदम मागणी येते, आणि ती एकेका घराकडून नाही, अख्ख्या वाडीकडून येते.

या माणसांना काय खावं ते कळत नाही, असं नाही. भात कमी, उसळ-भाजी जास्त, गोड बंद, रोज चालायचं, हे त्यांना तोंडपाठ आहे. पण घराबाहेर पडलं की ताट त्यांच्या एकट्याच्या हातात राहत नाही. आरतीला गेलं की मोदक तळहातावर येतोच. बारसं असो, सत्यनारायण असो, यजमान स्वतः पंगतीत फिरतात. ‘माका साखर हा’ म्हटलं की ‘आजच्या दिवस खा, कायएक होवचा नाय’ हे ठरलेलं उत्तर. चहा नको म्हणून बघा, लगेच विचारतात, ‘आमच्याकडचो च्या चलणा नाय काय?’ आणि या प्रश्नापुढे भलेभले हार मानतात. कुणाच्या घरचं पाणी चालतं आणि कुणाच्या घरचं चालत नाही, यावरून आपल्या गावांत पिढ्यान्पिढ्या माणसं दुखावली गेली आहेत. ती आठवण अजून जिवंत आहे. त्यामुळे कप नाकारला की घर नाकारल्यासारखं होतं.

माझं म्हणणं असं की आपल्याकडे पथ्य एकट्यादुकट्याने फार दिवस टिकत नाही. वाडीने ठरवलं तरच टिकतं. डॉक्टर, आशाताई, मी, आम्ही सगळे एकेका माणसाशी बोलतो, वाडीशी कोणीच बोलत नाही. तुमच्याकडे असा बदल कुणी मिळून केला असेल तर कसा जमला, आणि मोडला असेल तर का मोडला, ते लिहा. उपदेश नकोत, घडलेलं सांगा.

---

जुनी_कणगी (गुहागर)

विषय चांगला काढलात. फक्त ‘पूर्वी सगळं पौष्टिक होतं’ या वाटेने चर्चा जाऊ नये असं वाटतं. माझ्या लहानपणी श्रावणात कणगी तळाला गेलेली असायची आणि पेज दिवसेंदिवस पातळ होत जायची. माणसं सडसडीत होती त्यातला मोठा वाटा अर्धपोटी राहण्याचा होता.

पण नाचणीचं काय झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय आणि ते तुमच्या मुद्द्याला धरून आहे. वरकस जमिनीत सगळेच नाचणी-वरी करायचे, म्हणून सगळेच नाचणीची भाकरी खायचे. मग मुंबईहून मनिऑर्डरी येऊ लागल्या, रेशनवर तांदूळ-गहू मिळू लागला. पाहुणा आला की पानात तांदळाची भाकरी नाहीतर चपाती वाढायची, आणि नाचणीची भाकरी आत चुलीपाशी, घरच्या बायकांपुरती. पोरं ती शाळेत न्यायला लाजायची. नाचणीत खोट आहे म्हणून कुणी सोडली नाही. ती गरिबीची खूण ठरली म्हणून सोडली. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि पांढऱ्या तांदळात त्याच्या पासंगालाही पुरेल एवढं नसतं, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तरी फरक पडला नसता.

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, पर्यटक नाचणीची भाकरी मागू लागले आणि आमच्याकडच्या घरगुती खानावळींत ती पुन्हा मानाने पानात आली. गावातली तरुण मंडळी आता ती कौतुकाने खातात. म्हणून म्हणतो, वाडीचा हिशेब करताना त्यात मुंबई धरा आणि पर्यटकही धरा.

---

स्टेथो (रत्नागिरी)

व्यवसायाने डॉक्टर आहे, म्हणून थोडं आकड्यांचं सांगतो.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात फ्रेमिंगहॅम नावाचं गाव आहे. तिथे १९४८ पासून हृदयविकाराचा अभ्यास चालू आहे. त्यातल्या १२,०६७ माणसांच्या ३२ वर्षांच्या नोंदी घेऊन निकोलस क्रिस्टाकिस आणि जेम्स फाउलर यांनी २००७ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. एखाद्याचा मित्र लठ्ठ झाला की तो स्वतः लठ्ठ होण्याची शक्यता ५७ टक्क्यांनी वाढलेली त्यांना दिसली. भावंडांत हाच आकडा ४० टक्के, नवरा-बायकोत ३७ टक्के. नुसत्या शेजाराचा परिणाम मात्र दिसला नाही. पुढच्या वर्षी त्यांनी सिगरेटचं पाहिलं. जोडीदाराने सोडली तर दुसरा ओढत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी घटली, मित्राने सोडली तर ३६ टक्क्यांनी. माणसं एकेकटी नव्हे, टोळक्याने सोडत होती.

यावर टीकाही झाली आणि ती रास्त आहे. सारख्या सवयींची माणसं मुळातच एकमेकांकडे ओढली जातात. शिवाय एका गावात राहणारे एकाच बाजारातून खातात. दुसऱ्या अभ्यासकांनी तशाच पद्धतीचं गणित मांडून पुरळ, डोकेदुखी, इतकंच काय उंचीसुद्धा मित्रांकडून लागते असं निघतं हे दाखवून दिलं. तेव्हा ५७ हा आकडा देव्हाऱ्यात ठेवू नका. मात्र शेजारी बसलेला किती खातो त्यावर आपलं माप ठरतं आणि ओळखीच्या माणसांत आपण एकट्यापेक्षा जास्त खातो, हे अनेक प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

जवळचा आकडा हवा असेल तर आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) मधुमेहावरचा इंडियाब अभ्यास आहे, २०२३ मध्ये आलेला. देशातल्या प्रौढांत मधुमेह ११.४ टक्के आणि गोव्यात २६.४ टक्के, सगळ्या राज्यांत सर्वाधिक. सिंधुदुर्गाचं ताट गोव्याच्या ताटापेक्षा फार वेगळं नाही, म्हणून मला धास्ती वाटते. वजनकाट्यावर विसंबू नका. कंबरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांत ८० च्या पुढे गेला की तपासून घ्या, माणूस बारीक दिसत असला तरी.

---

चाकरमानी_डोंबिवलीकर

खरं सांगू का, वाचून वाईट वाटलं. आम्ही वर्षभर वाट बघतो. रेल्वेचं तिकीट मिळत नाही, उभ्याने येतो. गावी पोचल्यावर काकी जे ताट वाढते त्यात आमचं घर असतं. तिथेही घास मोजायचे म्हटलं तर कशाला यायचं? आणि मिठाई-फरसाण-बिस्किटांचे पुडे आणतो ते हौस म्हणून नव्हे. रिकाम्या हाताने कुणाच्या पडवीत पाय टाकवत नाही. पुडा सांडत नाही, टिकतो आणि प्रत्येक घरी एकेक देता येतो.

---

खाडीकाठ (वेंगुर्ले)

दादा, तुम्ही घास मोजावेत असं कुणाच्या मनात नाही. पण तुमच्यासारखेच सगळे येतात आणि प्रत्येक घरात दहा घरचे पुडे साठतात. तुम्ही परत गेल्यावर ते संपवतात आजी-आजोबा आणि पोरं, चहाबरोबर, दिवाळीपर्यंत. पुडाच हवा तर भाजलेले शेंगदाणे, चणे, खजूर आणा. तेही सांडत नाहीत, टिकतात आणि प्रत्येक घरी देता येतात. पावसाळ्यात भाजीची इथे चणचण असते, तर चांगले मूग-मटकी आणलेत तरी काकी खूश होईल. विचारून बघा तिला.

---

अबोलीचा_वळेसर (मालवण)

आमच्या वाडीत घडलेलं सांगते.

चतुर्थीत भजनी मंडळ रात्री घराघरांत जातं. पूर्वी चहा आणि चुरमुरे-खोबरं एवढंच असायचं. मग एका घरी उसळ-पाव झाला. पुढच्या घरी बटाटेवडे. त्याच्या पुढच्या वर्षी कुणी आइस्क्रीम ठेवलं. वीस-पंचवीस माणसांचं मंडळ, एका रात्रीत पाच-सहा घरं. प्रत्येक घरी खाल्लं नाही तर राग, आणि आपल्या घरी कमी ठेवलं तर वाडीभर चर्चा. हे सगळं करत होतं कोण? आम्ही बायका. पहाटे नैवेद्याच्या तयारीला लागायचं आणि रात्री बारा वाजता तेल तापवायचं.

चतुर्थीआधी वाडीची बैठक असते. त्यात आमच्या बचतगटातल्या एका काकींनी विषय काढला. त्या साखर-प्रेशर काही बोलल्याच नाहीत. म्हणाल्या, ‘आमका झेपणा नाय. सगळ्या घरांनी एकच काय ता ठरवा.’ पुरुषांत थोडी कुरकुर झाली, एकदोघे म्हणाले की देवाच्या कामात कंजुषी नको. पण प्रत्येक घरची बाई मागे उभी राहिली होती, त्यामुळे ठरलं. भजनाला चण्यांची किंवा वाटाण्यांची उसळ, नुसती, पावाशिवाय. खोबऱ्याचे तुकडे. आणि चहा.

चहाची गंमत पुढे आहे. माझी जाऊबाई म्हणाली की साखरवाल्यांचा आणि बिनसाखरेचा असा दोनदा चहा करणार कोण? एकच किटली बिनसाखरेची करू, साखरेची वाटी आणि चमचा बाजूला ठेवू. इतकंच केलं. आधी बिनसाखरेचा मागणाऱ्याला सगळ्यांसमोर आपला आजार सांगावा लागायचा. आता साखर हवी असणारा हात पुढे करतो. पहिल्या रात्री जवळजवळ सगळ्यांनी वाटी मागितली. आता वाटी फिरते, पण तळ दिसत नाही. पखवाज वाजवणारे आमचे एक भाऊ तर चमचाभरावरून पाव चमच्यावर आलेत, कुणी सांगितलं नव्हतं.

सगळ्यांना नियम एकच, म्हणून कुणी चिकट ठरलं नाही. हे एखाद्या घराने आपल्यापुरतं केलं असतं तर त्या घराची वर्षभर उणीदुणी निघाली असती.

---

जुनी_कणगी (गुहागर)

वा, ताई. देवाच्या कामात कंजुषी म्हणणाऱ्यांना सांगा, चुरमुरे-खोबऱ्यावर आमच्या वाडवडिलांनी रात्रभर भजनं केली आहेत.

---

सडा_आणि_कातळ (राजापूर)

जेवणाबद्दल सगळे बोलताहेत. मला चालण्याबद्दल लिहायचंय.

आमच्याकडे बाईमाणसाने विनाकारण चालायची सोय नाही. रस्त्याला लागलं की पहिल्या गडग्यापासून शेवटच्या दुकानापर्यंत प्रत्येकजण विचारतो, कुठे निघालात? हातात पिशवी नाही, डोक्यावर भारा नाही, मग ही चालते कशाला? ‘व्यायामाला’ म्हटलं की हसतात, ‘घरात काम कमी पडतं वाटतं.’ आमच्या सासूबाई सड्यावरून गवताचे भारे आणायच्या, लांबच्या विहिरीचं पाणी भरायच्या. आता गॅस आला, नळ आला, दारात रिक्षा आली, आणि ते सगळं व्हायलाच हवं होतं, त्यांचे गुडघे बघून मी हे म्हणते. पण शरीर हलायचं निमित्त गेलं आणि दुसरं निमित्त समाजाने दिलं नाही. मुलग्यांना क्रिकेट आहे. मुली लग्नापर्यंत कबड्डी खेळतात, मग कायमची बंद.

आम्ही चौघींनी देवळाचं निमित्त केलं. गावदेवीचं देऊळ चढावर आहे, जाऊन-येऊन तास सहज होतो. संध्याकाळी दिवा लावायला जातो. देवळात निघालेल्या बायकांना कुणी काही विचारत नाही. हळूहळू आणखी जणी येऊ लागल्या, त्यात मेनोपॉजनंतर घरातच बसून राहिलेली एक वहिनी आहे. तिचं प्रेशर किती उतरलं ते मला माहीत नाही, पण ती पुन्हा मोठ्याने हसायला लागली आहे.

---

खलाशी_नंबर_सात (देवगड)

होडीवरचं सांगतो. होडीवर आम्ही एका टोपात शिजवतो, एका टोपातलं खातो. भात आणि त्याच दिवशी मिळालेली बारीक मासळी, तारली नाहीतर बांगडा. मोठं पापलेट-सुरमई बाजारात जातं, आम्हाला परवडत नाही. स्टेथो डॉक्टर सांगतील, पण मी ऐकलंय की तारलीत चांगली चरबी असते, म्हणजे आमचं काही बिघडत नसावं. बिघडतं ते बंदरावर आल्यावर. पहाटे लिलावाच्या वेळी वडापाव आणि गोड चहा, तोही तीन-तीनदा, आणि तंबाखूची डबी. डबी एकाची असते आणि फिरते सगळ्यांत. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी पोरांच्या तोंडात असतोच.

एक गोष्ट पक्की बघितली आहे. तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, तंबाखू खात नसेल तर त्या होडीवरची नवीन पोरंही त्या नादाला लागत नाहीत. तांडेल जे करील ते होडी करते. पोस्टर लावून काही होत नाही, तांडेलांना गोळा करून बोललात तर काहीतरी होईल.

आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा घरात सुकी मासळी आणि खारं. ते थोडं जपून, एवढं कळतं.

---

स्टेथो (रत्नागिरी)

बरोबर ऐकलंत. तारली, बांगडा यांत ओमेगा-३ भरपूर असतं, हृदयासाठी उत्तम. फक्त तळण्यापेक्षा तिखलं किंवा कढी करा. सुकं वापरताना आधी पाण्यात भिजवून ते पाणी टाकून द्यावं आणि वरून मीठ घालू नये. दिवसाला पाच ग्रॅम मीठ ही मर्यादा, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, सगळं धरून. तांडेलांचा मुद्दा माझ्या मनात बसला. आरोग्य शिबिरं आम्ही शाळेत घेतो, ती बंदरावर घ्यायला हवीत.

---

आकडेमोड

मला हे सगळं थोडं सोपं करून मांडल्यासारखं वाटतं. समाज वगैरे ठीक, पण पैशाचं काय? भाजी घाटावरून येते, कोल्हापूर-बेळगावकडून, आणि पावसात घाट बंद झाला की भाव विचारू नका. पाच रुपयांत कुरकुरीत पुडी मिळते, पाच रुपयांत केळं मिळेल याची खात्री नाही. ज्याच्या हातात दिवसाची मजुरी आहे तो पोराला काय देणार?

---

फळा_खडू (दापोली)

आकडेमोड, पैशाचा मुद्दा खरा आहे आणि तो कुणी झटकू नये. पण मी प्राथमिक शाळेत शिकवते आणि रोज दुसरीही बाजू बघते. घरी भाजीला हात न लावणारी मुलं शाळेच्या पोषण आहाराच्या पंगतीत तीच भाजी खातात, कारण शेजारचा खातो. मी त्यांच्यात मांडी घालून तेच खाते, तेव्हा आणखी खातात. शिक्षक वेगळा डबा उघडून खोलीत बसले की पानात उरलेलं वाढतं. हा फरक एक पैसा न लागता पडतो.

पुडीचंही तसंच. मधल्या सुट्टीत एकाच्या हातात पुडी असली की दहा जणांना हवी. पालकसभेत आयांनीच ठरवलं की शाळेत पुडी द्यायची नाही, कुणीच नाही. श्रीमंताच्या पोराला मिळते आणि माझ्या पोराला नाही, हे दुःख संपल्यावर बाकीचं जमलं. आणि पावसाच्या सुरुवातीला आम्ही रानभाज्यांचा दिवस करतो. टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, फुकट बांधावर उगवतात. ज्यांच्या घरी त्या अजून शिजतात ती कातकरी मुलं त्या दिवशी बाकीच्यांना ओळखायला शिकवतात. एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारा मुलगा पुढे उभा राहून सांगतो की याचं कोवळं पानच घ्यायचं, जून नाही. मला त्या दिवसाचं फार मोल वाटतं.

---

पडवीतला_झोपाळा

उलट बाजूचं लिहितो. माझी आई गावी एकटी असते. वाडीतल्या बऱ्याच घरांना कुलपं. तिला आग्रह करणारं कुणी उरलेलं नाही. एकटीसाठी कशाला रांधायचं म्हणून सकाळी चहा-टोस्ट, दुपारी पेज-लोणचं, रात्री पुन्हा चहा-बटर. वजन उतरत गेलं, तपासणीत प्रथिनं कमी, हिमोग्लोबिन कमी. ताकदीची औषधं आणून दिली, त्यांनी भूक लागली नाही.

मग समोरच्या घरातल्या काकूंनी तोडगा काढला. त्याही एकट्याच. एक दिवस त्या रांधतात, एक दिवस आई. दुपारचं जेवण दोघी एकत्र. आता कुळथाची पिठी होते, तिसऱ्यांचं सुकं होतं, सोलकढी होते, कारण दुसरीला काय वाढायचं हा प्रश्न असतो. ‘अजून घे गो वाईच’ असं आई फोनवर बोलताना मागून ऐकू येतं. म्हणून आग्रह बंद करा असं कुणी म्हणू नये. आग्रह हवा, तो मोदकाऐवजी पिठीचा व्हावा.

---

चाकरमानी_डोंबिवलीकर

वरचा प्रतिसाद वाचून आईला फोन केला. तीही रात्री टोस्टच खाते. माहीतच नव्हतं.

---

नाव_नको

सगळे चहा-साखरेवर अडलेत. चतुर्थीत आणि शिमग्यात चाकरमानी आले की संध्याकाळी बाटली निघते, त्यावर कोण बोलणार? माझं लिव्हर खराब झाल्यावर डॉक्टरांनी थेंबही नको सांगितला. मित्रांनी दोनदा बोलावलं, मी पिईना म्हटल्यावर बोलावणं बंद झालं. लहानपणापासूनचे मित्र. बाटली सोडली तेव्हा त्यांच्याबरोबरचं बसणंही गेलं. घरी एकटा बसलो की पुन्हा घ्यावीशी वाटते, ती दारूसाठी नाही, त्यांच्यासाठी. यावर वाडीची बैठक काय करणार सांगा.

---

सडा_आणि_कातळ (राजापूर)

दादा, तुमच्यासारखा आणखी एखादा गावात असेलच, औषधं घेणारा. त्याला शोधा. माझ्या भावाने असंच केलं. दोघं मिळून त्याच टोळक्यात जाऊन बसतात, पुढ्यात कोकम सरबत आणि भाजलेला बांगडा. एकटा होता तेव्हा त्याला रोज टोचायचे. दोघं झाल्यावर टोचणं कमी झालं, आणि आता गाडी चालवायला शुद्धीत कुणीतरी असतं म्हणून त्यांनाच आवर्जून बोलावतात.

---

स्टेथो (रत्नागिरी)

नाव_नको, तुम्ही थांबलात हीच मोठी गोष्ट आहे. पुन्हा घ्यावीशी वाटणं हा आजाराचाच भाग आहे, मनाचा कमकुवतपणा नाही. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथे जा. घरच्या एका माणसाला बरोबर न्या.

---

खाडीकाठ (वेंगुर्ले)

सगळ्यांचे मनापासून आभार. आमची बैठक चतुर्थीच्या आधीच्या रविवारी आहे. अबोलीताईंच्या वाडीचं ऐकून मी साखर-प्रेशरचं भाषण रद्द केलं आहे. विषय आमच्या वाडीतल्या बायकाच काढतील, तोही कामाचा म्हणून. उसळ आणि बिनसाखरेची किटली, एवढे दोनच मुद्दे ठेवणार.

दारूचा विषय मी त्या बैठकीत घेणार नाही. महत्त्वाचा नाही म्हणून नव्हे. तो निघाला की बैठक दोन तटांत फुटते हे मी पाहिलंय, आणि मग किटलीही जाईल. त्यासाठी वेगळे चार जण गाठायला हवेत, खलाशीदादांनी सांगितलं तसे, ज्यांचं बाकीचे ऐकतात असे. आमच्या वाडीत त्यातले दोघे माझ्याकडे दर महिन्याला गोळ्या न्यायला येतात. त्यांच्याशी दुकानात, गर्दी नसताना बोलेन. नाव_नको, तुमचं गाव जवळ असेल तर मला निरोप टाका.